फासे संगणकात गेले, पुस्तिका रद्दीत

'बाल्डर्स गेट ३' हा खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला, त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून गौरवला गेला, आणि तेव्हापासून नागपुरातल्या व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मंडळींत एक वाद अधूनमधून पेटत राहिला आहे. ज्या घराण्यात हा खेळ जन्मला त्यातले पूर्वज, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांवरून १९८० आणि १९९० च्या दशकांत बेतलेले संगणकीय खेळ, आज कुणी का खेळावेत, हा त्या वादाचा विषय. विशीतले तरुण म्हणतात की ते खेळ दिसायला कुरूप, चालवायला किचकट आणि शिकायला निरर्थक आहेत. त्यांच्यातले जे चांगले होते ते नव्या खेळांनी उचलले, उरले ते टरफल. चाळिशी-पन्नाशीतले त्यांना उत्तर देतात की आजच्या पोरांना सगळे आयते लागते, आलेखाच्या कागदावर भुयारांचा नकाशा स्वतः काढायचा धीर त्यांच्यात नाही. या उत्तरात युक्तिवाद कमी आणि आपल्या तारुण्याची वकिली जास्त आहे. दोन्ही बाजू रुचीबद्दल भांडत आहेत आणि रुचीचे भांडण कधी निकाली निघत नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. हे खेळ आज आवडतात की नाही हा प्रश्न गौण असून ते त्यांच्या मूळ नियमांसह, मूळ पुस्तिका-नकाशांसह, खेळता येतील अशा अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी उपलब्ध असले पाहिजेत, आणि ही जबाबदारी कंपन्यांच्या मर्जीवर किंवा हौशी लोकांच्या चोरट्या प्रतींवर सोडून चालणार नाही. ती ग्रंथालयांची आहे, आणि ग्रंथालयांना ती पार पाडता यावी असा कायदा करणे हे सरकारचे काम आहे. नव्या रूपातल्या आवृत्त्या अवश्य निघाव्यात, पण त्या मूळ खेळाच्या जागी बसवू नयेत.

हे असे का, ते कळण्यासाठी या खेळांचा उगम पाहावा लागतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात पट अनिवार्य नव्हता. चार-सहा जण एकत्र बसायचे, त्यांपैकी एक 'डंजन मास्टर' होऊन जग उभे करायचा, बाकीचे त्या जगातली पात्रे व्हायचे, आणि यशापयश फाशांवर व नियमांच्या तक्त्यांवर ठरायचे. खेळाचा प्राण होता तो त्या डंजन मास्टरच्या विवेकात. 'मी दार फोडत नाही, दारामागच्या राक्षसाला जेवायला बोलावतो,' असे एखाद्याने म्हटले तर नियमपुस्तकात त्याचे उत्तर नसायचे. समोर बसलेल्या माणसाला ते तिथल्या तिथे ठरवावे लागायचे. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणक-जाळ्यावर विद्यार्थ्यांनी हा खेळ यंत्रात उतरवायला सुरुवात केली. यंत्राला फासे टाकता येत होते, तक्ते पाठ ठेवता येत होते, बेरीज-वजाबाकी माणसापेक्षा वेगाने करता येत होती. विवेक तेवढा नव्हता. मग माणूस काढून घेतल्यावर या खेळातले नेमके काय उरते? पुढची पंचवीस वर्षे निघालेला या परंपरेतला प्रत्येक महत्त्वाचा खेळ म्हणजे या प्रश्नाला दिलेले एकेक उत्तर आहे, आणि ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांचे मोल त्या न जुळण्यात आहे.

१९८० च्या सुमारास युनिक्स संगणकांवर आलेल्या 'रोग' (Rogue) या खेळाने उत्तर दिले की उरते ते दैव आणि मरण. प्रत्येक वेळी तळघराची रचना नव्याने घडायची आणि पात्र मेले की मेले; मागे फिरायची सोय नाही. १९८१ च्या 'विझर्ड्री'ने, जो अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघांनी ॲपल-२ या संगणकासाठी लिहिला, सांगितले की उरते ती टोळी. सहा जणांचा चमू भुयारात उतरायचा, आणि सगळे मारले गेले तर त्यांची प्रेते तिथेच पडून राहायची. ती आणायला दुसरा चमू उभा करून पाठवावा लागायचा. देवळात नेऊन जिवंत करायचा प्रयत्न फसला तर प्रेताची राख व्हायची, राखेवरचा प्रयत्नही फसला तर ते पात्र कायमचे गेले. आजच्या खेळाडूला हा निव्वळ छळ वाटतो. पण तळघराच्या खालच्या मजल्यावर, दिवा विझत आला असताना आणि मंत्र संपले असताना, परत फिरावे की आणखी एक दार उघडून पाहावे या निर्णयाला जे वजन त्या खेळात येते ते दर पाच मिनिटांनी प्रगती साठवून ठेवणाऱ्या खेळात येऊच शकत नाही. जपानमध्ये या खेळाने मूळ धरले, आणि १९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट' त्याच मातीतून उगवला, हा योगायोग नव्हे.

१९८५ च्या 'अल्टिमा ४'चे उत्तर मला सर्वांत धाडसी वाटते. रिचर्ड गॅरियटने त्यात शेवटी मारायचा खलनायकच ठेवला नाही. आठ सद्गुण अंगी बाणवणे हे खेळाचे ध्येय. दुकानदारीण आंधळी आहे. तिला ठरल्यापेक्षा कमी पैसे दिले तर ती काही बोलत नाही, व्यवहार पूर्ण होतो, पण यंत्र गुपचूप तुमचा प्रामाणिकपणा कमी करते आणि त्याची फळे बऱ्याच पुढे भोगावी लागतात. म्हणजे डंजन मास्टरचा विवेक यंत्राला देता येत नाही म्हणून गॅरियटने विवेकाची परीक्षा खेळाडूवर सोपवली. १९८८ मध्ये एसएसआय कंपनीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या मालक टीएसआर कंपनीच्या अधिकृत परवान्याने काढलेला 'पूल ऑफ रेडियन्स' याच्या अगदी उलट टोकाला आहे. त्याची प्रतिज्ञा नियमनिष्ठेची होती: टेबलावरच्या लढाईचे तक्ते शक्य तितके जसेच्या तसे चालवून दाखवायचे. आणि १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉरमेंट' म्हणतो की लढाई हा या खेळांचा आत्मा कधी नव्हताच, आत्मा संभाषणात होता, म्हणून त्याचा नायक मरूनही मरत नाही आणि बऱ्याच ठिकाणी तलवारीपेक्षा बोलण्याने जास्त साधते. ही पाच उत्तरे समोर ठेवा आणि सांगा, 'जे चांगले होते ते नव्या खेळांनी उचलले' हे विधान कितपत टिकते? नव्या खेळांनी यांतली एक-दोन उत्तरे उचलली. जी बाजारात चालली नाहीत ती चुकीची होती असे कुणी सिद्ध केलेले नाही.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कादंबरीचा टाइप बदलला तरी कादंबरी तीच राहते. खेळाचे नियम बदलले की खेळ बदलतो, कारण इथे आशय नियमांत असतो. चित्रे, संगीत आणि कथानक त्याच्यावर चढवलेले असते. याचा पुरावा शोधायला अमेरिकेत जायचे कारण नाही. सावंतवाडीचा गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ पाहा. दशावतारी गंजिफ्याची एकशेवीस गोल पाने आजही तिथे हाताने रंगवली जातात, राजघराण्याने पुढाकार घेतला म्हणून ती कला जगली, पर्यटक ती पाने चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. पण पाने वाटून डाव मांडता येणारे किती जण उरले? वस्तू वाचली आणि खेळ विरत गेला. जुन्या व्हिडिओ गेमचे खोके काचेच्या कपाटात ठेवणारी संग्रहालये, किंवा जुन्या नावाखाली नवा खेळ विकणाऱ्या कंपन्या, नेमके हेच करत आहेत.

आता प्रतिपक्षाकडे वळू, आणि त्याच्या कमकुवत नव्हे तर बळकट बाजूकडे. पहिला मुद्दा असा की हे खेळ खरोखरच खेळवत नाहीत. हे मान्य केलेच पाहिजे. 'पूल ऑफ रेडियन्स'मध्ये चकमकीनंतर चमूच्या जखमा भरायच्या तर पुरोहिताला मुक्काम करून मंत्र पाठ करायला लावायचे, एकेक मंत्र एकेका जखमीवर टाकायचा, मग पुन्हा मुक्काम. ही कवायत दर थोड्या वेळाने. चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण अधिक, असा त्या काळच्या नियमांचा उफराटा हिशेब होता. पडद्यावर काय चालले आहे हे सांगणारी सूचना क्वचितच यायची. यातला काही भाग कलात्मक निर्णयाचा नसून निव्वळ यंत्राच्या तोकड्या स्मृतीचा आणि घाईचा परिणाम होता, आणि कष्टालाच थोरवी समजणारे जुने खेळाडू या बाबतीत स्वतःची फसवणूक करतात. पण यावरून मूळ खेळ टाकून द्यावा हे निघत नाही. 'डिजिटल इक्लिप्स' या कंपनीने २०२४ मध्ये पूर्ण केलेली 'विझर्ड्री'ची नवी आवृत्ती मूळ १९८१ च्या प्रोग्रामवरच उभी आहे. वर नवी त्रिमित चित्रे, आत जुनेच गणित, आणि हवे तेव्हा ॲपल-२ चा मूळ पडदाही शेजारी उघडून पाहता येतो. ज्ञानेश्वरीच्या चांगल्या प्रतीत वर ओवी आणि खाली अर्थ असतो, तसे हे काम आहे. अर्थ वाचून समाधान होणारे अनेक असतात आणि त्यात गैर काही नाही. पण ओवी पानावरून काढून टाका असे त्यांच्यापैकी कुणी म्हणत नाही.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. या खेळांच्या नियमांत त्यांच्या काळाचे पूर्वग्रह कोरलेले आहेत. 'पूल ऑफ रेडियन्स' ज्या नियमावलीवर आधारलेला होता तिच्यात स्त्री-पात्राच्या शारीरिक बळाची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी होती, आणि बुटके किंवा एल्फ ठरावीक विद्येत ठरावीक पातळीच्या वर चढू शकत नसत. जन्माने क्षमता ठरवण्याचा हा प्रकार आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे हे बदलत गेले, आणि २०२४ च्या नियमपुस्तकाने तर 'वंश' ही संज्ञाच काढून 'प्रजाती' ही संज्ञा घेतली. मग जुने खेळही असेच शुद्ध करून का देऊ नयेत, असा प्रश्न येतो, आणि तो विचारणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तरीही माझे उत्तर नकाराचे आहे. बदल कुठून कुठे झाला हे दाखवणारा दस्तऐवजच पुसला तर बदलाचे श्रेय कुणाला देणार? १९८८ मधल्या खेळाडूने पात्र निवडताना स्त्री निवडली की यंत्र तिचे बळ निमूटपणे कापत होते, हे आजच्या मुलीला सांगून कळेल त्यापेक्षा स्वतः एकदा पात्र तयार करून पाहिल्यावर जास्त कळेल. नवी आवृत्ती शुद्ध असावी, जुनी जशी होती तशी असावी, आणि दोन्हींवर तसे लिहिलेले असावे.

पाठ शुद्ध करण्याचा मोह आपल्याकडे नवा नाही, आणि त्याला दिलेले उत्तरही विदर्भातच सापडते. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली आणि नंतर अनेकांनी आठवणीतून पाठ पुन्हा बांधले, असे महानुभाव परंपरा सांगते. परिणामी पाठभेद माजले. त्यात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवलेले. सकळ लिपीची किल्ली राजवाड्यांनी उलगडली तेव्हा कुठे बाहेरच्या अभ्यासकांना हे वाङ्मय वाचता येऊ लागले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलत्यांनी पोथ्यांमागून पोथ्या ताडून १९७८ मध्ये लीळाचरित्राची जी प्रत सिद्ध केली तिच्यामागचे तत्त्व एवढेच होते की संपादकाला काय रुचते हे दुय्यम, हाती आलेल्या पोथ्या काय म्हणतात हे प्रथम. जुन्या खेळांच्या आवृत्त्यांनाही हीच शिस्त लागते. एकाच खेळाची कमोडोर, ॲपल आणि डॉस या वेगवेगळ्या संगणकांवरची प्रत यांत चुका वेगळ्या, रंग वेगळे, कधी नियमही वेगळे असतात. 'मूळ' कोणते हे ठरवायला आधी सगळ्या प्रती हाताशी असाव्या लागतात.

आणि इथे नागपूरच्या अनुभवाला काही सांगण्यासारखे आहे. हे खेळ आपल्याकडे अधिकृतपणे फारसे पोहोचलेच नाहीत. नव्वदच्या दशकात सीताबर्डीच्या गल्ल्यांतून, ओळखीच्या ओळखीतून, एका सीडीवर कोंबलेले डझनावारी खेळ मिळायचे, कुणाच्या तरी भावाने पुण्याहून आणलेल्या फ्लॉप्यांच्या प्रती निघायच्या, आणि त्यांच्यासोबत कागदाचा एक कपटाही नसायचा. आता 'पूल ऑफ रेडियन्स'ची रचना लक्षात घ्या. डिस्कवर जागा कमी म्हणून कथानकाचा मोठा भाग छापील रोजनिशीत होता. महत्त्वाच्या प्रसंगी पडदा फक्त सांगायचा की अमुक क्रमांकाची नोंद वाचा. शिवाय आधीच सगळे वाचून काढणाऱ्याची दिशाभूल व्हावी म्हणून त्या रोजनिशीत खोट्या नोंदीही पेरलेल्या होत्या. पुठ्ठ्याचे एक फिरते चक्रही सोबत असायचे, ज्याच्यावर चिन्हे जुळवून उत्तर दिल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे. चक्राचा अडथळा कुणीतरी प्रोग्राम फोडून आधीच दूर केलेला असायचा, पण रोजनिशी कोण देणार? आमच्या पिढीतल्या कित्येकांनी हा खेळ पूर्ण केला तो कथा न कळताच. कुणाशी लढतो आहोत, ज्या नगराची साफसफाई चालली आहे ते उद्ध्वस्त का झाले, काही पत्ता नाही. नोंद क्रमांक आला की एंटर दाबायचे. टेबलावरचा मूळ खेळही इथे कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे वीस बाजूंचा फासा ही काय वस्तू आहे हे ठाऊक नसताना त्याचे आकडे मात्र तोंडपाठ होते. म्हणूनच 'इंटरनेटवर फाइल मिळते, आणखी काय हवे' हा युक्तिवाद मला पटत नाही. नुसती फाइल मिळाल्यावर काय होते याचा प्रयोग या शहरावर एकदा होऊन गेला आहे.

मालकीहक्काचा मुद्दा राहतो. कंपन्या म्हणतात, खेळ आमचे आहेत, आम्ही ते विकतो, तुम्हाला हवे तर विकत घ्या. यातही तथ्य आहे. पोलंडमधून २००८ साली सुरू झालेल्या 'गुड ओल्ड गेम्स' या ऑनलाइन दुकानाने जुन्या खेळांना खरीच नवी बाजारपेठ दिली. 'पूल ऑफ रेडियन्स' आणि त्याची भावंडे २०१५ मध्ये तिथे, तर २०२२ मध्ये 'स्टीम' या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात पुन्हा विक्रीला आली, आणि त्यांच्यासोबत पुस्तिकांच्या डिजिटल प्रतीही मिळाल्या. लेखक-प्रोग्रामरांना मोबदला मिळावा या तत्त्वाला माझा विरोध नाही. पण आधीची कित्येक वर्षे ते कुठे होते? परवाना टीएसआरकडून विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे, तिथून हॅस्ब्रोकडे गेला, खेळ काढणारी कंपनी विकली गेली, आणि मधल्या काळात हे खेळ कायदेशीर मार्गाने मिळणे जवळपास अशक्य होते. जे पुन्हा विक्रीला आले ते प्रसिद्ध होते म्हणून आले. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन'ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. जे विकले जात नाही त्याचे काय करायचे, याला 'विकत घ्या' हे उत्तर होऊ शकत नाही.

हौशी मंडळींचे उपकार मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवेत. 'प्लेटो'वरचा 'पेडिट५' हा अगदी सुरुवातीचा खेळ अभ्यासासाठी राखलेल्या जागेत, मुद्दाम निरुपद्रवी नावाने लिहिलेला होता, आणि व्यवस्थापकांच्या लक्षात येताच त्यांनी तो पुसून टाकला; आज तो खेळता येतो तो त्याच्या प्रती कुणीतरी राखल्या म्हणून. 'डॉसबॉक्स' हा जुन्या डॉस-संगणकाची नक्कल करणारा मोफत प्रोग्राम नसता तर कंपन्यांनाही आपले जुने खेळ विकता आले नसते, कारण त्यांच्या अधिकृत आवृत्त्यांतल्या बहुतेक त्याच्यावरच चालतात. आणि 'रोग'च्या वंशातला 'नेटहॅक' १९८७ पासून आजतागायत जिवंत आहे, कारण त्याचा प्रोग्राम पहिल्यापासून सर्वांना खुला आहे. तरीही हौस ही संस्था होऊ शकत नाही. हौशी माणूस आवडते तेच जपतो, थकला की थांबतो, आणि कायद्याच्या एका नोटिशीने त्याचा सगळा साठा एका रात्रीत उतरवला जातो.

मग संस्थांना काय करता येते? इथे आपला कायदा वाचण्यासारखा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणक-प्रोग्रामला साहित्यकृती मानले आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार एखादे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नसेल तर सार्वजनिक, बिगर-व्यापारी ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती काढता येतात, आणि पुस्तक या शब्दात पत्रक, नकाशा, तक्ता हेही येतात. म्हणजे बाजारात न मिळणाऱ्या खेळाची नियमपुस्तिका आणि नकाशा आपल्या ग्रंथालयाला कायदेशीरपणे वाचवता येतो. खेळ मात्र नाही. २०१२ च्या दुरुस्तीने जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याची मुभा दिली, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीच असली पाहिजे अशी अट घातली. जी कृती जन्मालाच डिजिटल रूपात आली तिची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून? कायद्याने प्रोग्रामला साहित्य म्हटले आणि साहित्य जपण्याची मुभा मात्र कागदापुरती ठेवली. जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे २००० सालापासून डिस्कवर प्रसिद्ध झालेले खेळही कायद्याने जमा होतात. आपला १९५४ चा कायदा प्रकाशकांना कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांकडे पुस्तके पाठवायला सांगतो. खेळ त्याच्या कक्षेत येत नाहीत.

सर्वांत जड आक्षेप शेवटी घेतो, कारण तो मला स्वतःला सर्वांत जास्त अडवतो. ज्या विदर्भात पोथ्यांना वाळवी लागते आहे, जिथे अनुदानित वाचनालयांत पुस्तकांना पुठ्ठे घालायला पैसे नाहीत, तिथे अमेरिकी कंपन्यांनी पोरांच्या करमणुकीसाठी काढलेल्या खेळांवर सार्वजनिक पैसा का घालवायचा? खर्चापुरते बोलायचे तर आक्षेप टिकत नाही. 'विझर्ड्री'सारखा अख्खा खेळ आज मोबाइलमधल्या एका छायाचित्रापेक्षा कमी जागेत मावतो. परंतु आक्षेपाचा गाभा खर्चाचा नसून प्राधान्याचा आहे, आणि त्याला प्राधान्याच्याच भाषेत उत्तर दिले पाहिजे. नव्वदच्या दशकात मराठीत टंकित झालेला मजकूर आठवा: श्रीलिपी, आकृती, आयएसएम. अंक, प्रबंध, संमेलनांच्या स्मरणिका, वृत्तपत्रांची पाने या फाँटांत तयार झाली, आणि आज त्यांची फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ दिसतो. ती वाचायची तर जुना फाँट लागतो, तो चालवणारा जुना प्रोग्राम लागतो, तो प्रोग्राम चालवणारी जुनी प्रणाली लागते. ही तंतोतंत तीच समस्या आहे जी जुन्या खेळांची आहे, आणि तिच्यावरचा इलाजही तोच आहे. खेळ वाचवायला लागणारे कौशल्य, म्हणजे फ्लॉपीवरून एकही बिट न गमावता प्रत काढणे, प्रतीची सचोटी तपासणे, जुन्या यंत्राची नक्कल नव्या यंत्रावर उभी करणे, हे आपल्या ग्रंथपालांना शिकायलाच हवे आहे. ते कुठल्यातरी परक्या खेळावर शिकले तर बिघडले कुठे? मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या या शहरात, पत्र्याखालच्या माळ्यांवर, दोन्ही प्रकारच्या फ्लॉप्या एकाच खोक्यात खराब होत आहेत.

'करमणूक' या शेऱ्याबद्दल एवढेच म्हणतो की तो आपण पूर्वी एकदा मारून पाहिला आहे. या देशात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. आज त्यांतले शिल्लक आहेत ते मोजकेच, तेही बरेचसे तुकड्यांत. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची एकही प्रत ज्ञात नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये, तोवर नायट्रेटची रिळे जळून, वितळून, त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी विकली जाऊन संपली होती. ज्यांनी ती विकली ते दुष्ट नव्हते. पोरासोरांच्या तमाशाला कुणी जपून ठेवते का, असेच त्यांना वाटले असणार.

नागपूरपुरते पाहिले तर सुरुवात लहान असू शकते. एखाद्या जुन्या वाचनालयाने एक खोली, एक चालू अवस्थेतला जुना संगणक आणि एक फ्लॉपी-वाचक एवढ्यावर काम सुरू करावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रती काढण्याचे आणि एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, बसवण्याचे काम प्रकल्प म्हणून द्यावे. खेळांच्या बरोबरीने विदर्भातल्या साहित्यसंस्थांच्या जुन्या फाइलीही त्याच टेबलावर घ्याव्यात. पुस्तिका, नकाशे, चक्रे यांचा संग्रह करायला आजचा कायदाही आडवा येत नाही. धरमपेठेतल्या कॅफेत हल्ली टेबलाभोवती बसून वीस बाजूंचा फासा टाकणारी मुले दिसतात. त्यांना त्या खोलीत आणून 'पूल ऑफ रेडियन्स' रोजनिशीसकट खेळायला द्यावा, आणि मग तो टाकाऊ आहे की नाही हे त्यांनीच ठरवावे. त्यांचा निकाल खेळाच्या विरुद्ध गेला तरी माझी तक्रार नाही, कारण तो खेळून दिलेला असेल. कायद्याच्या बाजूने मागणी एवढीच आहे: कलम ५२ मधली डिजिटल नसलेल्या प्रतीची अट काढावी, आणि तीन प्रतींच्या मुभेत पुस्तकाबरोबर संगणक-प्रोग्रामचाही समावेश करावा. राज्यातल्या ग्रंथालय संघटना अनुदानवाढीची निवेदने दरवर्षी देतात. पुढच्या निवेदनात हे एक कलम घालावे.